हुमणीचे वय ओळखा, मग औषध मागा



गाळप हंगाम आटोपला, खोडव्याची पाचट कुट्टी झाली, आणि आता सगळ्यांचे डोळे वळवाच्या पावसाकडे लागले आहेत. या दिवसांत गटागटांतून शेतकी खात्याच्या सभा झाल्या. बहुतेक सभांतून एकच मागणी पुढे आली. "साहेब, आता हार्मोनचं औषध निघालंय म्हणे. किडीची कातच अडकून बसती. कारखान्यानं ते एकदम खरेदी करावं, सगळ्यांना उधारीवर वाटावं आणि उसाच्या बिलातनं कापून घ्यावं." एका गावी तर तसा ठराव लिहून, सह्या घेऊन तयारच ठेवला होता.

ही मागणी का येते ते आम्हांस ठाऊक आहे. ज्याने श्रावणात डौलात उभा असलेला ऊस दसऱ्याला पिवळा पडून, हाताने ओढताच बुडख्यासकट वर आलेला पाहिला आहे, त्याला कोणी शहाणपण सांगू नये. मुळ्या खाऊन टाकलेल्या त्या बेटाखाली पांढरी, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वाकलेली हुमणी सापडते, आणि माणूस चिडून म्हणतो, काहीही करा पण हिचा नायनाट करा. असा माणूस कोणतीही बाटली विकत घेतो. बाटली विकणाऱ्यालाही हे चांगले ठाऊक असते.

तरीसुद्धा आमचे मत स्पष्ट आहे आणि ते आम्ही या पानावर उघडपणे मांडतो. हार्मोनचे औषध सरसकट वाटण्याचा ठराव करू नये. ही औषधे खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यामागचे शास्त्र पक्के आहे. पण तेच शास्त्र नीट समजून घेतले तर ते आपल्याला सरसकट वाटप करू नका असेच सांगते. कसे ते पाहू.

प्रथम एक घोटाळा दूर करू. आपण उसावर जी. ए. किंवा सिक्स-बी. ए. फवारतो, त्यांनाही लोक हार्मोन म्हणतात. ती झाडाची संजीवके. त्यांचा किडीशी संबंध नाही. कामगंध सापळ्यात जी गोळी लावतो तिला कोणी कोणी हार्मोनची गोळी म्हणतात. तो नराला भुलवणारा मादीचा वास, तोही निराळा. आपण येथे बोलतो आहोत ते किडीच्या स्वतःच्या रक्तात वाहणाऱ्या संप्रेरकाविषयी.

किडीला आपल्यासारखी आत हाडे नसतात. तिचे हाड म्हणजे तिची कातडी, आणि ती कातडी ताणून ताणून किती ताणणार? वाढत्या पोराला सदरा आखूड व्हावा तशी ती अपुरी पडते. मग जुन्या कातडीखाली नवी कातडी तयार होते, जुनी फाटते आणि कीड बाहेर येते. हीच कात. कात टाकताना कीड खात नाही, हलत नाही, अंगाने मऊ असते. तिच्या आयुष्यातला हा सर्वांत नाजूक काळ. मग हे काम कधी सुरू करायचे, आणि कात टाकल्यावर पुन्हा अळीच व्हायचे की कोष करायचा, हे कोण ठरवते?

याचा पहिला धागा, अगदी खऱ्या धाग्यानेच, पोलंडच्या स्टेफान कोपेच या शास्त्रज्ञाने लावला. त्याने एका पतंगाच्या पूर्ण वाढलेल्या अळीला मध्यभागी दोरा घट्ट आवळून बांधला. ठराविक दिवसाच्या आधी दोरा बांधला तर पुढच्या अर्ध्या भागाचा कोष झाला आणि मागचा अर्धा अळीच राहिला. त्या दिवसानंतर बांधला तर दोन्ही भागांचा कोष झाला. म्हणजे डोक्याकडून काहीतरी रक्तावाटे मागे जाते आणि ते पोहोचले की हुकूम सुटतो. अळीचा मेंदू आधीच काढला तर कोष झालाच नाही. हे काम १९१७ व १९२२ साली प्रसिद्ध झाले.

पुढे १९३० च्या दशकात लंडनमध्ये विगल्सवर्थ यांनी ऱ्होडनियस नावाच्या, ढेकणाच्या नात्यातल्या रक्तपिपासू किड्यावर प्रयोग केले. शेवटच्या अवस्थेतले पिल्लू, जे आता प्रौढ व्हायचे, त्याच्याशी त्यांनी लहान पिल्लाचे रक्त जोडले. मोठे पिल्लू प्रौढ झालेच नाही. कात टाकून ते आणखी मोठे पिल्लूच झाले. उलट अगदी लहान पिल्लाला प्रौढ होऊ घातलेल्याचे रक्त जोडले, तर ते वेळेआधीच बुटके प्रौढ झाले. यावरून दोन गोष्टी कळल्या. एक संप्रेरक सांगते, "कात टाक." दुसरे सांगते, "कात टाकलीस तरी अजून पोरच राहा." दुसरे थांबले की मगच कीड वयात येते. पहिल्याचे नाव एक्डायसोन. दुसऱ्याला आपण बाल संप्रेरक म्हणू.

या पहिल्या संप्रेरकाचे प्रमाण किती सूक्ष्म असते पाहा. १९५४ साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तेव्हा रेशीमकिड्याचे ५०० किलो कोष वापरून हाती आले अवघे २५ मिलिग्रॅम. अर्धा टन मालातून चिमूटभरसुद्धा नाही! आणि एवढ्याशा पदार्थावर किडीचे सारे आयुष्य चालते. ते कसे?

त्याचे उत्तर कुलूप-किल्लीत आहे. संप्रेरक ही किल्ली. पेशीच्या आत तिला बसणारे कुलूप असते. शास्त्रात त्याला ग्राही म्हणतात. किल्ली कुलपात बसली की कुलूप पेशीच्या मूळ आराखड्यावर जाऊन बसते आणि त्यातले ठराविक पान उघडते. नवी कातडी बांधा, जुनी आतून विरघळवा, खाणे बंद करा, असे हुकूम एकामागून एक सुटतात. १९६० साली क्लेव्हर आणि कार्लसन यांनी एका चिलटाच्या अळीला एक्डायसोन टोचले, तर थोड्याच वेळात तिच्या गुणसूत्रांवर ठराविक जागी फुगवटे आलेले सूक्ष्मदर्शकातून दिसले. पान उघडल्याची ती खूण. पण प्रत्यक्ष कुलूप हाती लागायला १९९१ साल उजाडले. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे हॉग्नेस यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीत ते सापडले. हे कुलूप एकटे चालत नाही, त्याला एक जोडीदार लागतो, हेही लवकरच कळले. बाल संप्रेरकाच्या कुलपाने आणखी चकवले. १९८६ साली विल्सन आणि फॅबियन यांना बाल संप्रेरकासारख्या औषधाला दाद न देणारी फळमाशी सापडली. तिच्यात बिघडलेला भाग हेच ते कुलूप, याचा पक्का पुरावा २०११ साली मिळाला.

सभासद म्हणतील, एवढे पुराण कशाला? कारण बाटली विकणारा फक्त "हार्मोन" एवढेच सांगतो. पण हार्मोन दोन, कुलपे दोन, आणि दोन्हींचा परिणाम एकमेकांच्या उलट. येथेच शेतकरी फसतो.

बाल संप्रेरकाची एक गंमत ऐका. १९६४ साली प्राग शहरातून कारेल स्लामा नावाचे शास्त्रज्ञ हार्वर्ड विद्यापीठात कॅरोल विल्यम्स यांच्याकडे गेले आणि आपले लाल ढेकूण बरोबर घेऊन गेले. प्रागला सुखाने वाढणारे ते किडे अमेरिकेत प्रौढच होईनात. पिल्ले नुसती मोठी होत, पुन्हा कात टाकत आणि मरत. खाणे तपासले, पाणी तपासले. शेवटी दोष सापडला डबीत अंथरलेल्या कागदी टॉवेलात. अमेरिकन वर्तमानपत्रे अंथरली तरी तेच होई. लंडनची वर्तमानपत्रे अंथरली तर किडे नीट वाढत. अमेरिकन कागद ज्या फर झाडाच्या लगद्यापासून होतो, त्या झाडातच बाल संप्रेरकासारखा पदार्थ निघाला. झाडाने आपल्या शत्रूच्या कुलपाची बनावट किल्ली हजारो वर्षे आधीच घडवून ठेवली होती. १९६५ साली हे प्रसिद्ध झाले आणि अशा किल्ल्या कारखान्यात घडवण्याची कल्पना पुढे आली. डासांच्या पाण्यात टाकण्याचे मेथोप्रीन त्यातूनच आले. डासाची अळी आपल्याला चावत नाही, डास चावतो. म्हणून अळीला अळीच ठेवले, प्रौढ होऊ दिले नाही, की काम झाले.

आता हीच किल्ली उसातल्या अळीला लावून पाहा. येथे नुकसान कोण करते? अळीच. तिला "पोरच राहा" असा हुकूम दिला तर ती जास्त दिवस अळी राहील आणि जास्त दिवस खाईल! रेशीम उत्पादकांनी याचा उलटा फायदा घेतला. असा पदार्थ अल्प प्रमाणात देऊन रेशीमअळी जास्त दिवस खाती ठेवली, की ती मोठा कोष विणते. म्हणजे रेशीमवाल्याच्या नफ्याची किल्ली ती ऊसवाल्याच्या तोट्याची. तेव्हा बाटलीवर नुसते "हार्मोन" लिहिले आहे म्हणून भागत नाही. कोणते हार्मोन, हा पहिला प्रश्न.

दुसऱ्या जातीची औषधे एक्डायसोनच्या कुलपात बसतात. टेब्युफेनोझाइड, मेथॉक्सीफेनोझाइड ही त्यातली नावे. नैसर्गिक किल्ली काम झाल्यावर कुलपातून निघते; रक्तातील प्रमाण खाली येते तेव्हाच कात टाकण्याची शेवटची पायरी पुरी होते. ही बनावट किल्ली मात्र अडकून बसते. अळीला वेळेआधीच कात टाकण्याचा हुकूम सुटतो, ती काही तासांतच खाणे सोडते, जुन्या डोक्याखाली नवे डोके अर्धवट तयार होते, जुने गळत नाही, आणि ती उपाशी, सुकून मरते. माणसात हे कुलूप नाही, म्हणून अशी औषधे माणसाला व जनावराला जुन्या जालीम विषांपेक्षा सौम्य. हा त्यांचा मोठा गुण, आणि तो आम्ही मान्य करतो.

पण कुलूप सर्व किडींत असले तरी त्याचे भोक सारखे नसते. पतंगवर्गातील अळ्या, म्हणजे खोडकिडा, कांडीकीड अशा किडींच्या कुलपात वर सांगितलेली औषधे चपखल बसतात. हुमणी ही पतंगाची नव्हे, भुंगेऱ्याची अळी. तिच्या कुलपाला ही किल्ली सैल पडते. अमेरिकेत हिरवळीखालच्या हुमणीसारख्या अळ्यांसाठी हॅलोफेनोझाइड नावाची वेगळी किल्ली वापरात आणावी लागली होती, ती याच कारणाने. तेव्हा कोणाच्या कुलपाची किल्ली, हा दुसरा प्रश्न. कापसाच्या वा भाजीच्या अळीवर गुण आला म्हणून तीच बाटली हुमणीसाठी ओतणे म्हणजे शेजारच्या घराची किल्ली आपल्या दाराला लावणे.

तिसरा प्रश्न वयाचा, आणि आमच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा. हुमणीचे वर्ष कसे जाते? वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला की जमिनीत महिनोन्‌महिने दडून बसलेले भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात, पाला खातात आणि त्यांचे मीलन होते. पहाटेपूर्वी ते परत जमिनीत शिरतात. मादी पुढे जमिनीत सुमारे पन्नास-साठ अंडी घालते. त्यातून निघालेली अळी पहिल्या दोन अवस्था पावसाळ्यातच उरकते. तिसरी अवस्था सर्वांत लांब आणि सर्वांत खादाड. उसाच्या मुळ्या संपतात त्या याच अवस्थेत. पावसाळा सरल्यावर ती खोल जाऊन कोष करते; त्यातून भुंगेरा निघतो, पण बाहेर न येता पुढच्या वळवापर्यंत जमिनीतच पडून राहतो.

आता आपण औषध केव्हा मागतो? ऊस पिवळा पडल्यावर. म्हणजे अळी तिसऱ्या अवस्थेत गेल्यावर. तोवर तिने दोन काती टाकल्या आहेत. यापुढे ती कोष करेपर्यंत कात टाकणारच नाही. नवी कातडी तयार होऊ न देणारी काही औषधे असतात, दुकानात त्यांनाही हार्मोनच म्हणतात. ती कात टाकण्याच्या वेळीच लागू पडतात. कात टाकणेच संपले तर ती कोणाला लागू पडणार? आणि ज्यांना कातीची वाट पाहावी लागत नाही तीही अळीच्या पोटात जावी लागतात. मोठ्या अळीला मात्रा जास्त लागते, ती खोल मुळाशी असते, आणि मुळी तर आधीच गेलेली असते. मेलेल्या अळीने खाल्लेली मुळी परत येत नाही.

हे आम्ही पोथीतले सांगत नाही. काही वर्षांपूर्वी सप्टेंबर अखेरीस एका गावी हुमणीने धुमाकूळ घातला तेव्हा लोकांच्या आग्रहापुढे आम्हीच मान तुकवली आणि आळवणी करण्याची शिफारस केली. औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली, पाणी गेले. डिसेंबरात एका आबांनी आम्हांस बांधावर उभे केले आणि म्हणाले, "साहेब, औषधाचं बिल कापलं, पर ऊस काय राहिला न्हाई." त्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ती चूक आमची होती, आबांची नव्हे. आम्ही अळी उकरून तिचे वय पाहिलेच नव्हते.

आता जननाविषयी. जे बाल संप्रेरक अळीला "पोरच राहा" म्हणते, तेच प्रौढ मादीत पुन्हा सुरू होते आणि तेथे वेगळाच हुकूम देते: "अंडी भर." विगल्सवर्थ यांनीच दाखवले की मेंदूमागची ती बारीकशी ग्रंथी नसेल तर मादीची अंडी पोसत नाहीत. पुष्कळ भुंगेऱ्यांत असे आढळले आहे की सुप्तावस्थेत हे संप्रेरक जवळजवळ बंद असते, आणि सुप्तावस्था सरली, खाणे सुरू झाले, की ते वाहू लागून अंड्यांत बलक भरू लागतो. म्हणजे झाडावर बसून पाला खाणारी भुंगेऱ्याची मादी ही पुढच्या पिढीचा कारखानाच. तिला त्याच संध्याकाळी फांदी हलवून पाडली आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकली, तर पन्नास-साठ अळ्या जन्मालाच येत नाहीत. शंभर माद्या म्हणजे पाच-सहा हजार अंडी. वर्षातून एवढा एकच काळ असा की शत्रू आपण होऊन जमिनीवर, हाताच्या अंतरावर येतो. यासाठी ना किल्ली लागते ना कुलूप.

येथे कोणीतरी विचारील, "कडुनिंब किडीला मारतो म्हणता, मग भुंगेरा निंबाचाच पाला कसा खातो?" प्रश्न रास्त आहे. निंबातील ॲझाडिरॅक्टिन हा पदार्थ मुख्यतः निंबोळीच्या गरात असतो, पानात फार थोडा. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीने सारी हिरवळ फस्त केली पण कडुनिंब सोडला, हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ श्मुटरर यांनी पाहिले आणि त्यातून पुढचे संशोधन वाढले. हा पदार्थ एक्डायसोनच्या कुलपात शिरत नाही. मेंदूकडून सुटणारा हुकूमच अडवतो, त्यामुळे किल्लीच नीट तयार होत नाही. निंबोळी अर्क तडाख्याने मारत नाही, वाढ बिघडवतो. तोही लहान अळीवर. पुन्हा प्रश्न वयाचाच.

आता सरसकट वाटपाचे धोके. पहिला धोका, किडीला सवय लागण्याचा. अमेरिकेतील लुइझियाना हा उसाचा प्रदेश. तेथे खोड पोखरणाऱ्या अळीवर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात टेब्युफेनोझाइड आले आणि चांगले चालले. पण तेच ते औषध फवारले गेले, आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील काही भागांतल्या अळ्या त्याला पूर्वीइतकी दाद देत नाहीत असे दिसून आले. ज्यांच्यावर औषध चालत नाही त्याच अळ्या उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. हजारो एकरांवर एकच बाटली एकाच आठवड्यात ओतणे म्हणजे हे काम आपण होऊन लवकर करणे.

दुसरा धोका मित्रकिडींना. २००२ साली लोकरी मावा आपल्या महाराष्ट्रात आला तेव्हा काय हाल झाले ते जुने सभासद विसरले नसतील. तो आटोक्यात आणण्यात डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींचा वाटा मोठा होता. डिफा म्हणजे काय? मावा खाणारी पतंगवर्गातलीच अळी. पतंगवर्गाच्या कुलपाची किल्ली उसावर फवारली, तर ती खोडकिडा आणि डिफा यांच्यात भेद करील अशी आशा धरू नये. कुलूप एकाच घराण्याचे.

तिसरा धोका शेजाऱ्याला. आपल्यापैकी काही सभासदांनी बांधाला बांध लावून तुतीची लागवड केली आहे. रेशीमअळी हीसुद्धा पतंगाचीच अळी, आणि ज्या संप्रेरकाची आपण बनावट किल्ली फवारणार ते मुळात तिच्याच कोषातून काढलेले. वाऱ्याने तुतीच्या पानावर फवारा गेला तर शेजाऱ्याची अख्खी बॅच जाईल. शिवाय ओढ्यातले खेकडे आणि झिंगेसुद्धा याच जातीच्या संप्रेरकाने कात टाकतात. "माणसाला सौम्य" म्हणजे सर्वांना सौम्य नव्हे. पंप ओढ्यात धुऊ नये.

मग करावे काय? शेतकी खात्याच्या वतीने आम्ही संचालक मंडळापुढे आणि सभासदांपुढे पुढील सूचना ठेवतो.

सरसकट औषधवाटपासाठी जी रक्कम गुंतवावी असे म्हटले जाते, तिचा पहिला वाटा भुंगेरे गोळा करण्याच्या मोहिमेवर खर्च करावा. पहिला चांगला वळीव झाला की त्या संध्याकाळपासून सलग दोन-तीन आठवडे, गावातल्या प्रत्येक निंब-बाभळीखाली माणूस हवा. प्रकाश सापळे गटाने लावावेत. गोळा केलेल्या भुंगेऱ्यांचे वजनावर पैसे कारखान्याने द्यावेत. हे एकट्या-दुकट्याचे काम नव्हे. भुंगेरा बांध ओळखत नाही. दहा जणांनी गोळा केले आणि अकराव्याच्या बांधावरचे झाड राहिले, तर त्या एका झाडाचे पाप सगळ्यांच्या उसात उतरते. सहकार म्हणतात तो याच ठिकाणी उपयोगी पडावयाचा.

दुसरे, जुलै-ऑगस्टमध्ये, ऊस हिरवागार असतानाच, प्रत्येकाने शेतात पाच-सहा ठिकाणी बेटाखाली उकरून पाहावे. अळी लहान सापडली तर गट ऑफिसला कळवावे. त्या वेळी मेटारायझियम बुरशी असो वा शिफारशीतले औषध असो, ते देण्यात अर्थ आहे, आणि अशा सभासदाला उधारीवर जरूर द्यावे. अळी किती मोठी, डोके केवढे, हे पाहून अवस्था सांगण्याचे काम आमच्या शेतकी मदतनिसांचे. ते बांधावर आले नाहीत तर आमच्याकडे तक्रार करावी.

तिसरे, खोडकिड्यासाठी ट्रायकोकार्ड आधी. अळी खोडात शिरण्यापूर्वी, नव्हे अंड्यातच, काम संपते. औषध लागलेच तर अळी बाहेर असताना. एकदा ती आत गेली की बाहेरून फवारून उपयोग नाही.

चौथे, कोणतीही बाटली घेताना तीन प्रश्न विचारा: हे कोणते हार्मोन? कोणत्या किडीच्या कुलपाचे? अळीच्या कोणत्या वयात? आणि लेबलावर ऊस आणि ती कीड या दोन्हींची नावे छापलेली आहेत का ते स्वतः वाचा, नाहीतर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या. यातल्या एकाही प्रश्नाला दुकानदाराला उत्तर देता आले नाही, तर पैसे कोपरीतच राहू द्यावेत.

काही मंडळी म्हणतील, भुंगेरे वेचणे हे जुनाट काम. शास्त्र पुढे गेले, तुम्ही मागे चाललात. आमचे म्हणणे उलट आहे. शास्त्राने पन्नास-साठ वर्षे खपून आपल्याला जी गोष्ट शिकवली ती हीच की किडीच्या आयुष्यात काही ठराविक दिवस असे असतात जेव्हा हुकूम सुटतो. त्याच दिवशी घाव घातला तर लागतो, एरवी वाया जातो. कोपेचने दोरा बांधला तो ठराविक दिवसाच्या आधी की नंतर, यावरच सगळे ठरले. आपलाही दोरा वेळेवर बांधला जावा, एवढेच मागणे आहे. बाटली नवी आहे म्हणून वेळ चुकलेली चालत नाही.

अर्थात ठराव करणे न करणे हे सभासदांच्या हाती. सभेत ज्यांना आमचे म्हणणे खोडून काढावयाचे असेल त्यांनी जरूर काढावे. आम्ही उत्तर देण्यास बांधील आहोत. मात्र त्याआधी एक करावे. पहिला वळीव पडेल त्या संध्याकाळी, दिवेलागणीला, कंदील नाहीतर बॅटरी घेऊन आपल्या बांधावरच्या कडुनिंबाखाली जावे, फांदी हलवावी आणि खाली काय पडते ते मोजावे. त्या आकड्याला पन्नासने गुणावे. मग बाटलीचा ठराव आधी की बादलीचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.